नातू कार्डावर नसतो

पहाटे 4:30

26 जानेवारी ही देशाची सुट्टी असते, बागेच्या फाटकावरच्या माणसाची नसते. वर्षातल्या ज्या चार-पाच दिवशी सगळं नागपूर एकदम बागेत उतरतं, त्यातला हा एक. सुपरवायझरने कालच फोन करून सांगितलं होतं, "उद्या रिलीव्हर नाही मिळणार काकाजी, पूर्ण दिवस तुम्हीच."

मी 1988 मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये भरती झालो आणि 2012 मध्ये हवालदार म्हणून घरी आलो. रेजिमेंटचं केंद्र कामठीला, म्हणून घरही कामठी रोडलाच केलं. पेन्शन येते, पण धाकटीचं शिक्षण बाकी आहे. म्हणून एका एजन्सीचा निळा गणवेश घालून शहराच्या पश्चिमेकडच्या एका बागेच्या फाटकावर उभा असतो. बागेचं नाव लिहीत नाही. नोकरी कंत्राटी आहे.

बायको चहा देताना म्हणाली, "आज तरी मेडल लावून जा." पदकं ट्रंकेत आहेत. शौर्याचं एकही नाही. सेवेची आहेत, जी टिकून राहिलेल्या सगळ्यांना मिळतात. एजन्सीच्या गणवेशावर ती लावायची नाहीत, असं मला कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय.

5:45

थंडी चांगलीच होती. इंदोऱ्यावरून एलआयसी चौकात आलो तर कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोलिसांचे कठडे लागलेले, मांडव उभा. एरवी या चौकातून स्कूटर कशीबशी निघते, आज रस्ता आंदण मिळाल्यासारखा.

फाटक सहाला उघडतो. सकाळी आठपर्यंत फिरायला येणाऱ्यांना तिकीट नाही, त्यामुळे ही दोन तासांची बाग वेगळीच असते. कोणी कोणाला काही विचारत नाही. हास्य क्लबवाले, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या काकू, कानात वायरी घातलेली पोरं, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी कॅप्टनसाहेब. वय पंचाहत्तरीच्या पुढे, 1971 च्या लढाईत नवे नवे अधिकारी होते. मी "जय हिंद साहेब" म्हणतो, ते थांबून पूर्ण "जय हिंद" म्हणतात, मग चालायला लागतात. बागेत मला हवालदार म्हणणारे ते एकटेच. बाकीच्यांसाठी मी वॉचमनभाऊ, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आज ते थांबले. "किल्ल्यावर जाणार का?" मी हसलो. सीताबर्डीचा किल्ला फौजेच्या ताब्यात आहे, प्रादेशिक सेनेची ग्रेनेडियर्सची पलटण तिथे असते. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट हे तीन दिवस तो लोकांसाठी उघडतो. तिकीट नाही. माझी मोठी मुलगी आणि जावई पोराला घेऊन आज तिथेच जाणार आहेत, मी मात्र इथे.

साहेबांना इतिहासाचा नाद. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली, आपण हरलो, हे शाळेत शिकवतात. इंग्रजांच्या बाजूने लढणारे बहुतेक शिपाई मद्रासचे होते, हे सांगत नाहीत. त्यात 24 क्रमांकाची एक पलटण होती. मुळात ती मद्रासची पहिली पलटण. 1806 मध्ये वेल्लोरच्या छावणीत उठाव झाला तेव्हा ती मोडून टाकली, पुन्हा उभी केली ती 24 क्रमांक देऊन. सीताबर्डीच्या लढाईनंतर या पलटणीला तिचा जुना 1 क्रमांक परत मिळाला. "शिपायाला काय पाहिजे असतं बघा," साहेब म्हणाले, "एक आकडा परत." लढाई कोणाच्या बाजूने होती हा भाग सोडला तरी त्यांचं म्हणणं खोटं नाही.

7:40

झेंडावंदन. मुख्य शासकीय कार्यक्रम सव्वानऊला असतो, म्हणून बाकीच्यांनी आपापलं साडेआठच्या आत किंवा दहानंतर उरकायचं असा दंडक आहे. आमचं पावणेआठला होतं. मॅनेजर पाहुणे होते. कॅप्टनसाहेब रांगेत शेवटी सफाई कामगारांच्या शेजारी उभे राहिले, कारण पुढे या असं त्यांना कोणी म्हटलं नाही. दोरी मी बांधली होती, त्यामुळे झेंडा पहिल्या झटक्यात उघडला. बुंदी वाटली.

8:00

खिडकी उघडली. तिकिटावर बसते ती विशीतली पोरगी आहे, बाहेरून बी. कॉम. करते. हिशेबाला पक्की, आवाजाला मऊ. मोठ्यांना 20, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना 10. खिडकीच्या डोक्यावर बोर्ड आहे. त्यावर दर, वेळा, "फुले तोडू नयेत", "प्लास्टिक नेण्यास मनाई", आणि सगळ्यात खाली, झेंडूच्या कुंड्यांमुळे अर्धवट झाकलेली ओळ: "सैनिक, माजी सैनिक व कुटुंबीय : प्रवेश मोफत. ओळखपत्र आवश्यक."

ही ओळ कोणी लिहून घेतली ते माहीत नाही. कंत्राटदार बदलले, रंग बदलला, ओळ तेवढी राहिली. बोर्ड रंगवणारा नवा बोर्ड जुन्यावरून उतरवतो, एवढंच कारण असावं. मी कुंड्या दर आठवड्याला बाजूला सरकवतो, माळी पुन्हा जागेवर आणतो. त्याचंही बरोबर आहे, तिथे ऊन येतं.

14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. 1953 साली त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. भारतीय फौजेचे ते पहिले भारतीय सरसेनापती, आणि आमची गार्ड्स रेजिमेंट 1949 मध्ये त्यांनीच उभी केली. पण बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत येते, आणि नागपुरात संक्रांत म्हणजे पतंग आणि नायलॉन मांजा. त्या दिवशी माणसाला आभाळाशिवाय दुसरीकडे बघायला वेळ नसतो. मी तिळगूळ देऊन खिडकीवरच्या पोरीला सांगितलं होतं की आज आमचाही सण आहे. तिने ते खरंच लक्षात ठेवलं. तेव्हापासून कार्ड दाखवणाऱ्याला ती तिकीट नको म्हणते, आणि वर "जय हिंद" म्हणते. थोडी लाजत म्हणते, पण म्हणते.

9:15

थोडा वेळ शांत. लोक टीव्हीपुढे. टपरीवरून तर्री पोहे आणले, पोरीने चना जास्त घेतला. मोबाइलवर दिल्ली लावून ठेवली. परेडच्या आधी पंतप्रधान राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. हे स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं. वर्तुळाकार भिंतींवर 1947 नंतर कामी आलेल्यांची नावं दगडात आहेत. तिथे कोणालाच तिकीट नाही. मग कार्डाचा प्रश्नच नाही, कोण कोणाचा कोण हे कोणी विचारत नाही. सगळ्या बागा अशा फुकट करा असं मी म्हणत नाही. झाडांना पाणी लागतं आणि माळ्याला पगार. पण एकदा तिकीट लावलं की माफी आली, माफी आली की कार्ड आलं, आणि कार्ड आलं की ते तपासणारा आला. तो मी.

10:30

गर्दी चढायला लागली. काटोलकडून आलेलं एक कुटुंब रांगेत होतं. पन्नाशीच्या एक ताई, मुलगा, सून, दोन लहान नातवंडं. ताईंनी पैसे काढायला पाकीट उघडलं तेव्हा त्यातून एक कार्ड खाली पडलं. मी उचललं. माजी सैनिकांच्या दवाखान्याचं, ईसीएचएसचं. वाचायची गरज पडली नाही, हे कार्ड माझ्याही खिशात असतं.

"ताई, तुमचं तिकीट लागत नाही."

"राहू द्या जी. पैसे हायेत माझ्याजवळ."

"पैशाचं नाही म्हणत मी. बोर्डावर लिहिलं आहे."

त्यांनी बोर्ड पाहिला नाही, मागची रांग पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मागं एका ठिकानी असंच म्हनले होते. मंग बाजूले उभं केलं, मोठ्या साहेबाले फोन लावला. पोरगं लहान होतं तवा. ते इचारत होतं, आई, आपन काय केलं?"

मुलगा शेजारीच उभा होता. तो आता बापाच्या त्या वेळच्या वयाचा असेल. त्याने काही न बोलता ऐंशी रुपये खिडकीत सरकवले. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तिने तिकिटं फाडली.

नंतर ताई बाकावर बसल्या असताना मी पाणी विचारायला गेलो. मालक कुपवाड्याला गेले, 2001 मध्ये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून विधवा ओळखपत्र मिळालं आहे, ते घरी कपाटात असतं, बँकेच्या आणि शाळेच्या कामाला लागतं म्हणून जपून ठेवलेलं. एसटीत वीरपत्नींना प्रवास मोफत आहे, पण आज त्या मुलाच्या गाडीने आल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी कार्ड आणा, मी असलो की बाजूला उभं नाही करणार. "तुम्ही असान, पन तुम्ही नसले तं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोकांना वाटतं सवलत म्हणजे वीस रुपये वाचणं. ताईंना वीस रुपयांचं काहीच नव्हतं. ज्याला मोफत जायचं त्यानेच रांगेत सगळ्यांदेखत सांगायचं की मी अमुक, माझं माणूस तमुक ठिकाणी गेलं, हा कागद बघा. जो फौजेत आयुष्य काढून आला त्याला मागायची सवय नसते. जिचा नवरा परत आला नाही तिने तर का मागावं? म्हणून दिवसभरात जितके हक्काचे लोक फाटकातून जातात त्यांच्यातले पुष्कळ सरळ तिकीट काढतात. ते मला ओळखू येतात. बुटांच्या नाड्या, उभं राहण्याची पद्धत, पोरांना हाक मारण्याचा आवाज. मी मध्ये पडलो तर त्यांना अवघडल्यासारखं होतं, नाही पडलो तर मला.

12:15

आता खरा तिढा. बोर्डावर "कुटुंबीय" लिहिलं आहे. कुटुंबीय म्हणजे कोण?

दुपारी सदरकडून एक निवृत्त सुभेदार आले. बरोबर बायको, दोन नातू, एक नात, आणि नातीची मैत्रीण. कार्ड ताठ हातात. पोरीने त्यांचं आणि काकूंचं तिकीट माफ केलं, नातवंडांची तीस रुपयांची मागितली. मैत्रिणीबद्दल वाद नव्हता, तिचे दहा त्यांनी आधीच काढून ठेवले होते. नातवंडांवर मात्र बिनसलं.

"नातू माझा नाही तर कोणाचा आहे?"

"काकाजी, सुपरवायझरसाहेब म्हणतात कार्डावर नाव पाहिजे."

पोरगी नियमाने बोलत होती, आणि नियम तिचा नव्हता. सुपरवायझरने तो ईसीएचएसच्या यादीवरून उचललाय. दवाखान्याच्या त्या योजनेत कुटुंब म्हणजे बायको किंवा नवरा, पंचवीस वर्षांच्या आतला न कमावणारा मुलगा, लग्न न झालेली न कमावणारी मुलगी, आणि अवलंबून असलेले आईवडील. उपचारांचा खर्च सरकार करतं, तेव्हा तिथे ही यादी मला समजते. पण हीच यादी बागेला लावून बघा. निवृत्त सुभेदार साठीचा. आईवडील बहुधा नाहीत. मुलगा पस्तिशीचा, कमावता. मुलगी सासरी. राहिली बायको, तिचे गुडघे दुखतात. मग बागेत तो येतो कोणाबरोबर? नातवंडांबरोबर. माजी सैनिक आणि बाग यांचा संबंधच नातवंडांमुळे आहे, आणि नातू कुठल्याच कार्डावर नसतो.

कॅप्टनसाहेबांची लेक अमेरिकेत असते. त्यांनी एकदा सांगितलं होतं, तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत त्यांच्या माजी सैनिकांना आणि युद्धात माणूस गमावलेल्या कुटुंबांना नोव्हेंबर 2020 पासून प्रवेश मोफत आहे, आणि 2022 पासून त्यांना आयुष्यभराचा पास मिळतो. मला त्यातली एकच गोष्ट आवडली. जिथे गाडीमागे पैसे घेतात तिथे पासवाला ज्या गाडीत बसलाय ती अख्खी गाडी आत. जिथे माणसामागे घेतात तिथे तो आणि बरोबरची तीन मोठी माणसं. सोळाच्या आतल्या पोरांना तर कोणाच्याच तिकीट नाही. नातं कोणी विचारत नाही, फक्त मोजतात. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला मोजता येतं, नातं तपासता येत नाही, हे ज्याने ठरवलं त्याने कधीतरी फाटकावर ड्युटी केली असावी.

सुभेदारसाहेबांनी शेवटी तीस रुपये दिले आणि पोरीला म्हणाले, "बेटा, तुझ्यावर राग नाही." आणि मग माझ्याकडे बघितलं. राग कोणावर होता ते मी समजलो. मॅनेजरला फोन लावला, तो उचलला गेला नाही.

2:00

डबा. बायकोने वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी दिली होती. खोलीत बसून मोफत प्रवेशाची वही चाळली. तिच्यात रकाने चार: नाव, कार्ड क्रमांक, माणसं, सही. सुपरवायझरने मध्यंतरी पाचवा काढला होता, कार्डाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. तो मी बंद पाडला. सेवेतल्या जवानाच्या ओळखपत्राची झेरॉक्स किंवा फोटो देऊ नये अशी फौजेची ताकीद असते, आणि ती योग्य आहे. कार्ड डोळ्यांनी बघा, परत द्या. बागेच्या खिडकीवर कोणाच्या नोकरीचा पुरावा जमा करून ठेवायचं काही काम नाही.

मोफत म्हटलं की लोकांना वाटतं फौजी माणसाला सगळीकडेच मोफत. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर मी निवृत्त म्हणून गेलो तर मला पैसे पडतात. तिथे सूट आहे ती सहा पदकांना: परमवीर, महावीर, वीर, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. सेना मेडलवाला त्या यादीत बसत नाही. गाडीवर "आर्मी" लिहिलेले स्टिकर लावून नाक्यावर हुज्जत घालणारे जे दिसतात त्यातले बरेच कोणाचे तरी भाचे असतात. आमच्या फाटकावरही येतात. आजच एक जण आला होता, बुलेटवर कॅमोफ्लाजचं कव्हर, "आपन फौजीच हाय." कोणत्या रेजिमेंटमध्ये विचारल्यावर म्हणाला, "इंडियन आर्मी रेजिमेंट." वीस रुपये दिले.

महाराष्ट्रात शहरातल्या माजी सैनिकाच्या एका राहत्या घराला मालमत्ता कर माफ आहे, 2020 चा निर्णय. ती सवलत मोठी, आणि तिची गंमत अशी की ती मिळवायला एकदा कागद दिले की रोज कोणापुढे उभं राहावं लागत नाही. बागेची सवलत चिमूटभर, आणि प्रत्येक वेळी नव्याने उभं राहायचं.

जावयाने किल्ल्यावरून फोटो पाठवला. नातू तटावर उभा, मागे रेल्वे स्टेशनकडचं सगळं शहर. गेटवर ओळखपत्र बघितलं, बॅग तपासली, सोडलं. "बाबा, तुमचं नाव पण नाही सांगावं लागलं," असं लेकीने खाली लिहिलं होतं.

4:00

आता रांग रस्त्यापर्यंत. दोन शिट्ट्या झिजल्या. घसरगुंडीजवळ एक मूल हरवलं आणि सहा मिनिटांत सापडलं, ते त्याच्याच आत्याकडे होतं. फुगेवाल्याला बाहेर काढलं, तो दुसऱ्या फाटकाने आला.

उमरेडकडचा एक पोरगा आईला घेऊन आला होता. केस बारीक, पाठ सरळ. कार्ड त्याने काढायच्या आत मी म्हटलं, "किती वर्षं झाली?" "तीन पूर्ण, काकाजी. अग्निवीर." पोरीने "जय हिंद" म्हटलं, दोघांना सोडलं. आत जाऊन आईला बाकावर बसवून तो परत फाटकाशी आला. त्याला बोलायचं होतं.

अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना पुढे कायम ठेवणार. बाकीचे सेवा निधी घेऊन, म्हणजे व्याज धरून साधारण 11 लाख 71 हजार रुपये, घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, आणि नियमांत स्पष्ट लिहिलंय की त्यांना माजी सैनिक हा दर्जा नाही. पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. कामठीच्या आमच्या सेंटरलाही अग्निवीर तयार होतात, मी त्यांना सकाळी रस्त्याने धावताना बघतो.

त्याने विचारलं, "सुटलो तर हे बंद होईन ना? बोर्डावर माजी सैनिक लिहिलं हाय."

"तुला कायम करतील."

"करतीन तं करतीन. नाई केलं तं?"

मी त्याला खोटं सांगितलं नाही. बोर्डावर जे लिहिलंय त्या शब्दांनी तो बसत नाही. आई बाकावर शेंगा सोलत होती, तिला या गोष्टीतलं काही माहीत नसावं, किंवा सगळं माहीत असावं.

पण मग त्याला जे म्हटलं ते इथेही लिहितो. पेन्शन द्यायची की नाही हा दिल्लीचा प्रश्न, त्यात माझी अक्कल चालत नाही. माजी सैनिक कोणाला म्हणायचं याची व्याख्या नोकऱ्यांच्या राखीव जागांसाठी, कॅन्टीनसाठी, दवाखान्यासाठी केलेली आहे, आणि ती वेळोवेळी बदललेली आहे. बागेला ती व्याख्या कोणी लादलेली नाही. बाग आपल्या बोर्डावर आपली ओळ लिहू शकते. चार वर्षं सियाचीनला असो की पठाणकोटला, जो राहून आला त्याला आईबरोबर बाकावर बसू द्यायला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

6:30

फाटक बंद. उरलेल्यांना शिट्टी वाजवून बाहेर काढायला पाऊण तास गेला, झोपाळ्यावरची शेवटची दोघं नवविवाहित होती, त्यांना घाई नव्हती.

मॅनेजर हिशेबाला आले. दिवस सोन्यासारखा गेला होता, गल्ला भरला होता, तरी पहिला प्रश्न तोच: "फुकटवाले किती?" मी वही पुढे केली. आजच्या तारखेखाली एक पानही भरलं नव्हतं. ते पाहून तेच चकित झाले. कंत्राट घेणाऱ्याला नेहमी वाटतं की सवलतीमुळे त्याचा धंदा बुडतो. अहो, सबंध रांगेत फौजी किती असणार? आणि असतात त्यातले अर्धे मागत नाहीत. या सवलतीने बागेचं जे नुकसान होतं त्याहून जास्त नुकसान झारीला भोक पडल्याने होतं, आणि ती झारी महिनाभर तशीच आहे, हेही मी सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, झारीचं उद्या सांगितलं असतं तर चाललं असतं.

मग सुभेदारसाहेबांचं सांगितलं, ताईंचं सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, मी वर पाठवतो." म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण लिहून द्यायला काय हरकत आहे?

7:30

खिडकीवरच्या पोरीने तिच्या वहीतलं पान फाडून दिलं. मी बोललो, तिने लिहिलं, अक्षर तिचं चांगलं. मसुदा असा:

"सैन्यदलात सेवा केलेली कोणतीही व्यक्ती, वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता, आणि त्यांच्यासोबत आलेली घरची माणसं, सर्व मिळून सहा : प्रवेश विनामूल्य. कार्ड फक्त दाखवावे. बारा वर्षांखालील नातवंडे मोजू नयेत."

आणि खाली दोन विनंत्या. ही ओळ बोर्डाच्या वरच्या अर्ध्यात, दरांइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावी. म्हणजे माणसाला विचारावं लागणार नाही, तो वाचेल आणि कार्ड काढेल. आणि खिडकीवर जो बसेल त्याला लेखी अधिकार द्यावा, शंका आली तर माणसाला आत सोडावं आणि नंतर विचारावं. कोणालाही बाजूला उभं करू नये. सहा हा आकडा मी ठरवला, कारण त्याच्यावर गेलं की मॅनेजर वाचायचं सोडतील.

हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी फौजेतून आलेलं माणूस असेल तर कार्ड कपाटात ठेवू नका, पाकिटात ठेवा. आणि तुमच्या गावच्या बागेत, किल्ल्यावर, प्राणिसंग्रहालयात जो दरफलक आहे तो एकदा खालपर्यंत वाचा. ओळ नसेल तर वरचा मसुदा उतरवून घ्या आणि महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागात द्या. साधा कागद चालतो. पोच मात्र घ्या, आवक क्रमांकासकट.